हळदीच्या रात्रीचे दोन झुरके आणि 410 चा आकडा

प्रश्न : मी 23 वर्षांचा, सांगली जिल्ह्यातला कबड्डीपटू. चढाई करतो. गेल्या वर्षी लीगच्या एका संघाने करार केला. खेळाडू कोट्यातून सरकारी नोकरी लागून आठ महिने झाले, अजून परिविक्षेवर आहे. वरिष्ठ गटाच्या स्पर्धेत सामना संपल्यावर नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, लोकांनी लघवीचा नमुना घेतला. आता नोटीस आली आहे की नमुन्यात कार्बॉक्सी-टीएचसी (गांज्याची शरीरात उरणारी खूण) सापडलं, आकडा 410. सामन्याच्या चार दिवस आधी मित्राच्या हळदीला गांजाचे दोन झुरके मारले होते. आयुष्यात पहिल्यांदाच. मंडळातले सर म्हणतात, सांग की महाशिवरात्रीला कुणीतरी थंडाईतून न सांगता भांग पाजली. त्यांच्या ओळखीचे डॉक्टर तसा कागदही द्यायला तयार आहेत. चार वर्षांची बंदी लागेल का? संघाचं पदक जाईल का? नोकरी, पोलीस? घरी अजून काहीच सांगितलेलं नाही. लीग चार महिन्यांवर आली आहे.

उत्तर : सर्वात आधी त्या थंडाईच्या कथेबद्दल. ती कुठेही लिहू नका, बोलू नका, आणि डॉक्टरांचा कागद हातातसुद्धा घेऊ नका. तुमची बाजू खरं सांगितलंत तर बरीच सावरण्यासारखी आहे. खोट्याने मात्र ती कायमची बिघडेल. चौकशीत खोटी माहिती किंवा बनावट कागद देणं हा उत्तेजकविरोधी नियमांत वेगळा गुन्हा धरतात. त्याची शिक्षा साधारण चार वर्षांची, आणि ती मूळ बंदी संपल्यावर तिला जोडून भोगावी लागते. म्हणजे ज्या चार वर्षांना तुम्ही घाबरलात ती गांज्याने येणार नाहीत, पण त्या कागदाने नक्की येतील. सर आणि डॉक्टरही त्यात अडकतील. शिवाय ती कथा खपणारीच नाही. शरीरात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूचीच, हे या नियमांचं पहिलं कलम आहे. ‘नकळत पाजलं’ म्हणणाऱ्याला कुणी, कधी, कुठे पाजलं हे सिद्ध करावं लागतं. आणि ती शिवरात्र तुमच्या सामन्याच्या किती दिवस आधी होती, हे प्रकरण ऐकणाऱ्या समितीवरचे डॉक्टर कॅलेंडर पाहून लगेच मोजतील.

आता तुमच्या स्वतःच्या हकिकतीकडे येते. इथे मला थोडं कठोर बोलावं लागेल, कारण दिल्लीत समितीसमोर हाच प्रश्न पहिला येणार आहे.

गांज्यासाठी पूर्वी 15 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही मर्यादा होती. 2013 मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे वाडाने, ती एकदम 150 वर नेली. सामन्याच्या दिवसात घेणारा सापडावा, आठवड्यापूर्वी कुठेतरी एखादा झुरका मारलेला सापडू नये, हा त्यामागचा हेतू होता. मोजमापातली चूक धरून प्रयोगशाळा 180 च्या पुढे गेल्यावरच नमुना दोषी ठरवते. वजन बसवण्यासाठी पाणी तोडलं होतं, लघवी घट्ट होती, असं तुमच्या मनात येत असेल तर प्रयोगशाळा घट्टपणाचाही हिशोब धरते. तुमचा आकडा 410 आहे. आयुष्यात पहिल्यांदा मारलेल्या दोन झुरक्यांनी चार दिवसांनंतर इतका आकडा सहसा राहत नाही. टीएचसी, म्हणजे गांज्यातलं नशेचं द्रव्य, चरबीत साठतं आणि हळूहळू बाहेर पडतं. त्यामुळे चार दिवसांनंतरही इतकं सापडलं तर त्याचा नेहमीचा अर्थ दोनपैकी एक असतो : माणूस बऱ्याच दिवसांपासून नियमित घेतोय, किंवा शेवटचा झुरका त्याने सांगितला त्याहून बराच अलीकडचा आहे.

मी तुमच्यावर आरोप करत नाही. पण किती दिवसांपासून घेता आणि शेवटचं कधी घेतलं, ही दोन उत्तरं तुम्हाला तुमच्या वकिलासमोर, दार बंद करून, खरी खरी सांगावी लागतील. कारण संपूर्ण प्रकरण याच एका मुद्द्यावर फिरतं.

ते का, हे सांगते. 2021 पासून लागू असलेल्या जागतिक संहितेत चार पदार्थ वेगळे काढले आहेत : कोकेन, हेरॉइन, एमडीएमए आणि टीएचसी. हे पदार्थ लोक खेळात जिंकण्यासाठी नव्हे, तर समाजात, पार्टीत, एकटेपणात घेतात हे संहितेने मान्य केलं. खेळाडूने दोन गोष्टी सिद्ध केल्या, की पदार्थ स्पर्धाकाळाबाहेर घेतला आणि त्याचा खेळातल्या कामगिरीशी संबंध नव्हता, तर बंदी फक्त तीन महिन्यांची. त्यात नाडाने मान्य केलेला व्यसनमुक्तीचा कार्यक्रम पूर्ण केला तर ती एक महिन्यावर येते. आपल्या नाडाचे नियम याच संहितेवर उभे आहेत आणि त्यांना 2022 च्या राष्ट्रीय कायद्याचा आधार आहे.

‘स्पर्धाकाळ’ म्हणजे सामन्याच्या आदल्या रात्री 11.59 पासून सामना आणि त्यानंतरची नमुना घेण्याची प्रक्रिया संपेपर्यंतचा काळ. हळद चार दिवस आधीची असेल तर तुम्ही बाहेर आहात. तुम्ही महिनोन् महिने रोज रात्री ओढत असाल आणि सामन्याच्या आदल्या रात्री दहा वाजता शेवटची ओढली असेल, तरी नियमाच्या भाषेत तुम्ही बाहेरच आहात! म्हणून ‘पहिल्यांदाच’ हा शब्द खरा नसेल तर तो सोडून द्या. त्याने तुमचा काही फायदा होत नाही, उलट 410 समोर तो शब्द कोसळला की हळदीची खरी गोष्टही सोबत कोसळते. रोज घेत होतो, सुटत नाही, मदत हवी आहे, हे सांगणाऱ्यासाठीच तर तो एक महिन्याचा मार्ग ठेवला आहे.

फक्त एक शक्यता वेगळी आहे. मध्यरात्रीनंतर किंवा सामन्याच्या दिवशी घेतला असेल तर तीन महिन्यांचं कलम लागू होत नाही. तिथेही खेळाशी संबंध नव्हता हे पटवलं तर तो ‘हेतुपुरस्सर’ गुन्हा धरत नाहीत आणि बंदी दोन वर्षांची राहते. त्यात काही कपात मागता येते, पण लढाई मोठी होते. तसं असेल तर मला किंवा ज्यांना वकीलपत्र द्याल त्यांना पहिल्याच दिवशी कळलं पाहिजे.

पुराव्याचा भार तुमच्यावर आहे, पण तो फौजदारी खटल्याइतका जड नाही. तुमची हकिकत खोटी असण्यापेक्षा खरी असण्याची शक्यता जास्त, एवढं समितीला वाटलं की पुरे. हळदीचे फोटो, त्या रात्रीचे व्हॉट्सॲप मेसेज, संघासोबत प्रवासाची तिकिटं, तिथे हजर असलेल्या एखाद्याचं प्रतिज्ञापत्र, असं सगळं जमवा. मेसेज पुसू मात्र नका, अडचणीचे असले तरी.

या वाटेने गेलेले खेळाडू आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या कगिसो रबाडाने 2025 च्या जानेवारीत तिथल्या ट्वेंटी-20 लीगमध्ये दिलेला नमुना दोषी आला. तो आयपीएलमधून गुजरातचा संघ सोडून घरी परतला, मे महिन्यात त्याने स्वतः निवेदन काढून चूक मान्य केली, माफी मागितली. उपचाराचा कार्यक्रम पूर्ण केला म्हणून बंदी एका महिन्याची राहिली. जूनमध्ये लॉर्ड्सवर कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात त्याने ऑस्ट्रेलियाचे नऊ गडी टिपले. न्यूझीलंडचा डग ब्रेसवेल कोकेनसाठी 2024 मध्ये सापडला, त्याचीही तीन महिन्यांची बंदी उपचारानंतर एक महिन्यावर आली. पण एक महिनाही कधी फार महाग पडतो. अमेरिकेची धावपटू शाकारी रिचर्डसन 2021 मध्ये ऑलिम्पिक निवड चाचणीत 100 मीटर जिंकली, नमुन्यात टीएचसी निघालं, महिना टोकियोतल्या शर्यतीआधी संपला तरी निवड चाचणीतला निकाल रद्द झाल्याने तिचं टोकियो हुकलं. ज्या ओरेगन राज्यात ती धावली तिथे गांजा कायदेशीर होता, तरी उपयोग झाला नाही. तिच्यानंतर वाडाने गांज्याच्या बंदीचा फेरविचार केला आणि 2022 मध्ये बंदी कायम ठेवली. हा नियम योग्य की अयोग्य यावर माझं मत थोडं वेगळं आहे, पण तुमच्या उत्तरात ती चर्चा नको. तिथे तुमचे दिवस वाया जातील.

आणि दिवसच तर वाचवायचे आहेत. टीएचसी सापडल्यावर तात्पुरतं निलंबन लगेच करायचं की नाही हे नाडाच्या हातात असतं. तुम्ही मात्र स्वतःहून, लेखी, ते स्वीकारू शकता. स्वीकारलंत आणि पाळलंत तर तो काळ पुढच्या बंदीतून वजा होतो. लीग चार महिन्यांवर आहे. आज स्वीकारलंत तर तीन महिने पूर्ण भरावे लागले तरी तुम्ही मॅटवर वेळेत असू शकता. ‘ब’ नमुना, म्हणजे त्याच लघवीची राखून ठेवलेली दुसरी बाटली, तपासून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण तुम्ही स्वतःच घेतल्याचं मान्य करताय, तर त्यात पैसे आणि आठवडे का घालवायचे? माझा सल्ला, तो हक्क सोडा. फक्त नोटिशीत दिलेल्या तारखेच्या आत तसं लिहून द्या, गप्प बसू नका.

निलंबन पाळणं म्हणजे काय हेही नीट समजून घ्या. आपल्याकडे जत्रेतल्या मातीवरच्या सामन्यांचे दिवस आले की गावचं मंडळ दार ठोठावतं, ‘एकच चढाई कर, लोक तुलाच बघायला आलेत.’ यातले बरेच सामने जिल्हा संघटनेच्या मान्यतेने, तिच्याच पंचांकडून होतात. तात्पुरत्या निलंबनात तिथे उतरलात तर पाळलेल्या दिवसांची वजावट जाते, आणि बंदी चालू असताना उतरलात तर मूळ बंदीइतकीच नवी बंदी वर चढते. नाव बदलून खेळणंही नको, प्रत्येकाच्या हातात फोन आहे. संघासोबत सरावही बंद. बंदीच्या शेवटच्या चौथ्या हिश्श्यात, म्हणजे तीन महिन्यांतले अखेरचे साधारण तीन आठवडे, संघासोबत सरावाला परत जाता येतं. तोवर घरच्या रानात पळा, एकट्याने व्यायाम करा.

संघाच्या पदकाची काळजी सोडा. तुमची त्या सामन्यातली वैयक्तिक बक्षिसं जातील, पण सांघिक खेळात एका खेळाडूमुळे संघाचा निकाल आपोआप रद्द होत नाही. संघावर कारवाईचा प्रश्न दोनपेक्षा जास्त खेळाडू सापडल्यावर येतो. आणि तीन महिन्यांच्या या कलमाखाली झालेली शिक्षा पुढे कधी ‘पहिला गुन्हा’ म्हणून मोजली जात नाही. तुमच्या वयात हे फार मोलाचं आहे.

पोलिसांबद्दल. नाडाची कारवाई फौजदारी नाही, तिथून कुणी तुरुंगात जात नाही. पण गांजा सेवन हा 1985 च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम 27 खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भांग म्हणजे नुसती पानं असल्याने त्या केंद्रीय कायद्यातून ती सुटते, पण महाराष्ट्रात परवान्याशिवाय भांगही दारूबंदी कायद्यात अडकते, म्हणजे सरांची कथा तिथेही तुम्हाला वाचवत नव्हती. नुसत्या प्रयोगशाळेच्या अहवालावरून तुमच्या घरात पोलीस येतील असं मला वाटत नाही. तरी नाडाला जाणारं निवेदन वकिलाने वाचल्याशिवाय पाठवू नका. तुम्ही काय, कधी, कशा प्रसंगी घेतलं तेवढं लिहा. व्यसन असेल आणि तुम्ही स्वतः उपचाराला गेलात, तर त्याच कायद्याचं कलम 64अ तुम्हाला खटल्यापासून संरक्षण देऊ शकतं.

उपचारासाठी आधी नाडाकडून कार्यक्रमाला लेखी मान्यता घ्या, मग दाखल व्हा. उलट क्रमाने गेलात तर प्रमाणपत्र हातात आणि सवलत नाही, असं होऊ शकतं. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून हे काम करतंय, तिथे चौकशी करा. आज रात्री कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 आहे.

नोकरीचा मुद्दा नाजूक आहे, कारण परिविक्षेवरच्या माणसाला संरक्षण कमी. राजीनामा देऊ नका, कुणी ‘देऊन टाक, प्रकरण मिटेल’ म्हणालं तरी. खात्याने विचारलं तर लेखी विचारू द्या आणि लेखीच उत्तर द्या. सेवन कामावर नव्हतं, चूक मान्य केली आहे, उपचार चालू आहेत, या तीन गोष्टी तारखांसह मांडता आल्या तर चित्र बरंच बदलतं. लीगच्या करारात उत्तेजकांबद्दलचं कलम असतंच, त्याची प्रत घेऊन या. संघमालकांना ही बातमी वर्तमानपत्रातून कळण्याआधी तुमच्याकडून कळली पाहिजे.

कारण ती बाहेर येणारच. निर्णय अंतिम झाला की नाडा नाव, खेळ आणि शिक्षा जाहीर करते. म्हणून घरी आजच सांगा. आधी आईला, नंतर वडिलांना, की दोघांना एकदम, ते तुम्हाला जास्त कळतं. पण गावात पारावर कुणीतरी मोबाइलवर बातमी दाखवून विचारलं आणि वडिलांना काहीच माहीत नव्हतं, असं होऊ देऊ नका.

नोटीस, नमुना देताना सही केलेल्या फॉर्मची तुमची प्रत, लीगचा करार आणि नेमणुकीचं पत्र, एवढे कागद एका फाइलमध्ये घालून या आठवड्यात वकिलाकडे जा. नोटिशीवर उत्तराची शेवटची तारीख आहे. ती टळली तर समिती तुमच्या गैरहजेरीतही निर्णय देऊ शकते.