क्वालालंपूरचे 16 तास: खोली घ्यायची की खुर्चीत बसायचं?

साताऱ्याहून एका काकांचं पत्र आलंय. एसटीतून निवृत्त, वय 66. काकूंचं वय 62, आठ महिन्यांपूर्वी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मुलगी मेलबर्नला असते, तिच्या बाळंतपणासाठी दोघं चार महिन्यांकरता निघालेत. तिकिटं काढून झालीत, पण दोन वेगवेगळी: मुंबई ते क्वालालंपूर एका कंपनीचं आणि क्वालालंपूर ते मेलबर्न दुसऱ्या, स्वस्त कंपनीचं. एकाच कंपनीच्या सलग तिकिटापेक्षा दोघांचे मिळून जाऊन-येऊन 23,500 रुपये वाचले. जाताना सकाळी 7 ला क्वालालंपूरला उतरायचं आणि रात्री पावणेअकराला पुढचं विमान. काका विचारतात: "मधल्या 16 तासांसाठी शहरात 115 रिंगिटची (रिंगिट म्हणजे मलेशियाचं चलन) खोली दिसते. विमानतळावरच्या हॉटेलात 12 तासांना 215 सांगतात, 6 तासांना 140. आतल्या ट्रान्झिट हॉटेलचंही पाहून ठेवलंय. मुलगी म्हणते मी पैसे भरते, पण मला ते नको. खरं तर एका दिवसासाठी पाच हजार घालवण्यापेक्षा विमानतळावर बसून काढू असं वाटतं. तुमचं मत कळवा."

काका, नमस्कार. आधी निकाल सांगते, मग कारणं. विमानतळाला लागून असलेल्या हॉटेलची 12 तासांची खोली घ्या. शहरातली नको, आतलं ट्रान्झिट हॉटेल तर अजिबात नको. परत येताना मात्र नेमकं उलटं करा.

आतल्या हॉटेलापासून सुरुवात करते, कारण त्यावर तुम्ही जवळपास पैसे भरून बसला होतात. ते हॉटेल इमिग्रेशनच्या अलीकडे आहे. मुंबईपासून मेलबर्नपर्यंत एकच तिकीट असेल, बॅगा थेट पुढे जाणार असतील, तर तिथे राहण्यात अर्थ आहे. तुमची तिकिटं वेगळी आहेत. तुमच्या बॅगा क्वालालंपूरच्या पट्ट्यावर येणार, त्या तुम्हीच उचलायच्या आणि दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर पुन्हा द्यायच्या. शिवाय तुमचं पहिलं विमान टर्मिनल 1 ला उतरतं आणि दुसरं टर्मिनल 2 वरून सुटतं. म्हणजे मलेशियात रीतसर प्रवेश करून बाहेर यावंच लागणार. आतल्या हॉटेलचे पैसे भरले असते तर तुम्ही आत आणि बॅगा बाहेर, अशी गत झाली असती. खोली शोधताना आधी दर पाहिला जातो. आधी तिकीट पाहायला हवं, कारण कुठली खोली चालेल ते तिकिटावरूनच ठरतं.

आता शहरातली खोली. 115 रिंगिट हा आकडा छान दिसतो. हिशेबापुरता रिंगिट 22 रुपयांचा धरू. विमानतळ सेपांगला आहे, शहरापासून पन्नासहून जास्त किलोमीटर लांब. केएल सेंट्रलला, म्हणजे शहरातल्या मुख्य रेल्वे स्टेशनला, जाणारी थेट रेल्वेगाडी अर्ध्या तासात पोचवते, पण माणशी 55 रिंगिट घेते. दोघं, जाऊन-येऊन: 220 रिंगिट. परदेशी पाहुण्यांना हॉटेलात खोलीमागे दर रात्री 10 रिंगिट पर्यटन कर भरावा लागतो. 2017 पासून हा नियम आहे आणि बुकिंगच्या आकड्यात तो बहुधा धरलेला नसतो, काउंटरवर मागतात. म्हणजे 115 ची खोली 345 रिंगिटला पडली, सुमारे 7,600 रुपये. बसने गेलात तर माणशी 15 धरा, मग एकूण 185 रिंगिट, साधारण 4,100 रुपये. तेवढ्यासाठी चार बॅगा बसमध्ये चढवा, तासभर प्रवास करा, पुढे खोलीपर्यंत ओढा.

पण पैशापेक्षा मोठी अडचण वेळेची आहे. शहरातली हॉटेलं रात्र विकतात. खोली दुपारी दोन-तीनला ताब्यात मिळते. तुम्ही सकाळी 7 ला उतरता, तेव्हा तुमच्या शरीराला पहाटेचे साडेचार वाजलेले असतात, कारण तिथलं घड्याळ अडीच तास पुढे आहे. त्यात आदल्या दिवशी साताऱ्याहून मुंबईपर्यंतचा प्रवास झालेला. नऊ-साडेनऊला हॉटेलवर पोचलात तरी लॉबीत बसायचं. दोनला खोली मिळाली आणि रात्रीच्या विमानासाठी साडेसहाला निघालात, तर हाती किती आलं? साडेचार तास.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आई-बाबांना घेऊन मी अशीच पहाटे क्वालालंपूरला उतरले होते आणि स्वस्त मिळाली म्हणून केएल सेंट्रलजवळ ब्रिकफील्ड्समध्ये खोली घेतली होती. लॉबी म्हणजे जिन्याखालची जागा, प्लास्टिकच्या तीन खुर्च्या, भिंतीवर ड्युरियन फळ आत आणू नका अशी लाल फुली मारलेली पाटी. आई पर्स छातीशी धरून बसल्या बसल्या पेंगत होती, मान खाली गेली की दचकून उठायची. खोली पावणेतीनला मिळाली. तिला खिडकीच नव्हती. बुकिंगमध्ये तसं लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. जुन्या दुकानांच्या इमारतींत काढलेल्या त्या हॉटेलांत बिनखिडकीच्या खोल्या सर्रास असतात आणि त्याच सगळ्यात स्वस्त दिसतात. तीस-चाळीस रिंगिट वाचवले होते मी. आईचा तो दिवस मला अजून टोचतो, म्हणून तुमच्या पत्राला एवढं सविस्तर लिहितेय.

विमानतळाजवळची हॉटेलं तास विकतात, रात्र नाही. 215 रिंगिट, अधिक 10 कर धरा, अधिक टर्मिनल 1 वरून 2 ला नेणाऱ्या गाडीचे दोघांचे 4. दोन टर्मिनल्समध्ये तीनेक मिनिटांचं अंतर आहे. एकूण 229 रिंगिट, म्हणजे 5,038 रुपये. इमिग्रेशन, बॅगा, चहा-नाश्ता धरून साडेनऊला खोलीत गेलात आणि संध्याकाळी साडेसातला निघालात, तर दहा तास आडवं व्हायला मिळतं. तासाला 23 रिंगिट. शहरातल्या खोलीचा तास बसने गेलात तरी 41 ला पडतो, गाडीने गेलात तर 77 ला. आता यातली स्वस्त खोली कुठली ते तुम्हीच सांगा.

6 तासांची खोली सगळा खर्च धरून 154 रिंगिटला जाते, तुमचे आणखी 1,650 रुपये वाचतात. ती वाईट निवड नाही. काकूंचा गुडघा नसता तर मी तीच सुचवली असती. पण खोलीचा वेळ संपला की उरलेले तास पुन्हा बॅगांसकट बाकावर काढायचे, आणि त्यानंतर मेलबर्नपर्यंत आठ तासांचं विमान आहे. 12 तासांचीच घ्या.

आता तुमच्या खुर्चीवरच्या बेताबद्दल. तुम्ही त्याचा खर्च शून्य लिहिलाय. स्वस्त कंपन्या बॅगा साधारण सुटण्याच्या तीन-चार तास आधी घेतात. म्हणजे संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत त्या चार बॅगा तुमच्याच गळ्यात. एकाने स्वच्छतागृहात जायचं, दुसऱ्याने राखण करायची. काकूंना पाय लांब करायला जागा नाही, आणि एसी असा की शाल लागतेच. दोन वेळचं जेवण आणि चहा तर तुम्ही कुठेही असलात तरी होणारच. काकूंच्या पायाबद्दल मी बोलणं योग्य नाही, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा: इतका वेळ बसून राहिल्यावर लगेच आठ तासांचा प्रवास चालेल का. पण ज्या गुडघ्यावर तुम्ही साठवलेले पैसे आत्ताच खर्च केलेत, त्याला पाच हजारांसाठी सोळा तास लोंबकळत ठेवणं मला काटकसर वाटत नाही.

आणि हे पाच हजार आले कुठून ते बघा ना. 23,500 रुपये वाचले ते कशामुळे? सलग तिकिटाची सोय तुम्ही सोडलीत म्हणून. बॅगा थेट जाण्याची सोय, मधला वेळ कमी असण्याची सोय, विमान चुकलं तर पुढच्यात बसवून देण्याची कंपनीची जबाबदारी, हे सगळं सोडून ते 23,500 मिळालेत. त्यातली थोडी सोय परत विकत घेणं म्हणजे चैन नाही. खोलीचे पैसे हा तिकिटाचाच उरलेला भाग आहे असं समजा आणि तिकिटाच्याच खात्यात लिहा. जातानाचे 5,038 आणि येतानाचे पुढे सांगते ते 7,590 वजा केले तरी 10,872 रुपये उरतात.

पण त्यात एक मोठी गोष्ट तुम्ही धरलेली नाही, ती म्हणजे सामान. स्वस्त कंपनीच्या साध्या तिकिटात बहुतेक वेळा फक्त 7 किलोची हातातली बॅग असते. बाकी वजन वेगळं विकत घ्यायचं. बाळंतपणाला निघालेल्या आजीच्या बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, मेतकूट, दुपटी असणार हे मी गृहीत धरते. हे वजन आजच, घरबसल्या, तिकिटात जोडा. काउंटरवर ऐनवेळी घेतलंत तर तो दर उरलेले दहा हजार सहज गिळेल. आणि खायच्या वस्तू मेलबर्नला उतरताना फॉर्मवर लिहून जाहीर करा. तिथे ते फार कडक आहेत, लपवलं तर दंड होतो. कुठली वस्तू चालते ते मुलीला आधीच बघायला सांगा.

मधला वेळ कमी करायचा विचार पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलाय, तारीख बदलून पाच तासांचं अंतर मिळतंय म्हणून. नको. तिकिटं वेगळी असल्यामुळे पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी तुमची वाट पाहणार नाही, आणि प्रवास विम्याच्या अनेक पॉलिसी अशा स्वतः जोडलेल्या तिकिटांचं विमान चुकल्यास पैसे देत नाहीत. तुमच्या पॉलिसीतला तो परिच्छेद वाचा. हे सोळा तास हाच तुमचा विमा आहे.

येतानाची गोष्ट वेगळी. मेलबर्नहून संध्याकाळी 5 ला उतरता आणि मुंबईचं विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला. तिथे रात्र तुमच्या मधोमध येते, तेव्हा रात्र विकणारं हॉटेल घ्या. शहरातली तीच 115 ची खोली, खिडकी असलेली आणि लिफ्ट असलेली, हे दोन्ही विचारून. कर आणि गाडी धरून 345 रिंगिट, म्हणजे 7,590 रुपये. सकाळी खोली सोडून बॅगा काउंटरवर ठेवा, हॉटेलं त्या सांभाळतात. काकूंनी मुरुगनचं, म्हणजे कार्तिकेयाचं, देऊळ पाहायचं म्हटलंय, तर केएल सेंट्रलहून लोकल थेट बाटू केव्हजला जाते, काही रिंगिटांत. गुहेपर्यंत 272 पायऱ्या आहेत, त्या काकूंनी चढू नयेत. पण 42 मीटरहून उंच सोनेरी मूर्ती पायथ्यालाच आहे, दर्शन खालूनच छान होतं. दुपारी ब्रिकफील्ड्समध्ये केळीच्या पानावर भात-सांबार जेवा आणि तीन वाजता विमानतळाकडे निघा.

पैसे भरण्याबद्दल थोडं. बऱ्याच बँकांच्या कार्डावर परदेशातल्या खर्चाला 3.5 टक्के आकार आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे एकूण 4.13 टक्के. पाच हजारांवर दोनशे रुपये. कार्ड मशीनवर "रुपयांत भरायचं की रिंगिटमध्ये" असं विचारलं तर रिंगिट म्हणा. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण त्यातला दर जवळपास नेहमीच महाग असतो. बजेट हॉटेलं 50-100 रिंगिट अनामत मागतात. ती रोख द्या आणि पावती घ्या. कार्डावर दिलीत तर रक्कम अडकते आणि सुटायला कित्येक दिवस लागू शकतात. टीसीएसची, म्हणजे परदेशी खर्चाचे पैसे भरताना आगाऊ कापल्या जाणाऱ्या कराची, काळजी नको: स्वतः घेतलेली खोली म्हणजे टूर पॅकेज नव्हे, आणि फॉरेक्स कार्डात तुम्ही भराल ती रक्कम 10 लाखांच्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे.

भारतीयांना मलेशियाचा व्हिसा 31 डिसेंबर 2026 पर्यंत माफ आहे, पण उतरण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन फॉर्म भरावा लागतो. दोघांचे वेगळे, आणि जाताना-येताना दोन्ही वेळा. तो फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली की बंद करा.

पैसे कुठून काढू, असंही तुम्ही विचारलंय. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतल्या 22 लाखांना हात लावू नका, मुदतीआधी खातं बंद केलं तर कापून घेतात. 8.2 टक्क्यांनी त्याचं तिमाही व्याज 45,100 रुपये येतं. दोन्ही खोल्यांचे मिळून 12,628 रुपये येत्या तिमाहीच्या व्याजातून द्या. मुलीचे पैसे घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण तुम्हाला नको वाटतंय आणि तुम्हाला परवडतंय, तर स्वतः भरा. तिला फक्त हॉटेलचं नाव आणि तुम्ही खोलीत पोचण्याची वेळ कळवा. नवव्या महिन्यात ती दिवसभर फोनकडे बघत बसेल, तो ताण तिला नको. खोली रद्द करता येईल अशाच दराची घ्या, आणि बुकिंग करताना तारखेबरोबर सकाळची वेळ नीट टाका: तुम्ही मुंबईहून ज्या रात्री निघता, त्याच्या दुसऱ्या दिवशीची.