बोअर, खाण आणि समुद्राचा तळ

प्रश्न : आमच्या सिन्नरला 500 फुटांवर गेलं की बोअरवाला हात टेकतो, मग लोक 4 किमी खोल खाणीत कसे काम करतात हो? समुद्रात पण खणणार म्हणे?

उत्तर : दक्षिण आफ्रिकेतली म्पोनेंग सोन्याची खाण जवळपास तेवढी खोल आहे, तिथला दगडच 60 अंशांच्या वर तापलेला, म्हणून वरून पाइपने बर्फाचा लगदा सोडतात तेव्हा कुठे माणूस उभा राहतो. समुद्रात मात्र वेचायचंय. तळाशी बटाट्याएवढे गोळे पडलेत, कापले तर आपल्या कांद्यासारखे थर, आत मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट. पण गोळा 10 लाख वर्षांत काही मिलिमीटरच वाढतो आणि मशीन फिरलं की गाळ उठून तिथले जीव गुदमरणार, मला तरी ही घाई अजिबात पटत नाही.