केनियाच्या शिबिराला जायचंय, पण मन खातंय

नाशिकहून एका मुलीचं पत्र आलंय. वय 22, डी.एड. झालेलं, एका लहान शाळेत नोकरी. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघात ती आहे आणि मे महिन्यात व्हीबीएसला, म्हणजे सुट्टीतल्या बायबल शाळेत, मुलांना गाणी शिकवते. एका संस्थेची टीम ऑगस्टमध्ये केनियात मोंबासा या बंदराजवळ ख्रिस्ती युवा शिबिरासाठी दोन आठवडे जाणार आहे, तिचीही निवड झालीय. खर्च दीड लाख रुपये, आणि तो मंडळीतून देणग्या मागून उभा करायचा. शेवटचे दोन दिवस अनाथाश्रमाला भेट. आई म्हणते, "इथं पोरं नाहीत का?" संघातला एक दादा म्हणतो, "ही सेवा की सहल?" पत्राच्या शेवटी ती लिहिते: "ताई, खरं सांगते, मला विमानात बसायचंय, परदेश बघायचाय. मग माझी सेवा खोटी ठरते का?"

प्रिय मुली,

सलाम. तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण झोप त्यानेच उडवलीय. नाही, खोटी ठरत नाही. बाविसाव्या वर्षी जग बघावंसं वाटणं यात पाप कसलं? प्रभूच्या कामाला निघालेल्या माणसाच्या मनात एकच निर्मळ हेतू असतो असं मला कधी दिसलेलं नाही, आणि तशी अट घातली तर कुठल्याच मंडळीत काम करायला कोणी उरायचं नाही.

गडबड होते ती पैसे मागताना. पत्रासोबत तू संस्थेचं पत्रक पाठवलंयस. त्यात लिहिलंय, "अंधारातल्या आफ्रिकेला प्रकाश द्या." हे वाक्य वाचून मला राग आला. केनियाच्या 2019 च्या जनगणनेत सुमारे 85 टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलंय. आपल्या महाराष्ट्रात आपण एक टक्काही नाही. किनाऱ्यावर मुसलमान वस्ती मोठी आणि शतकांपासूनची आहे, पण सुवार्ता तिथंही नवी नाही. क्राफ नावाचा मिशनरी मोंबासाला 1844 साली उतरला होता. त्या शिबिरातल्या पोरांना पवित्र शास्त्र कदाचित तुझ्याइतकंच पाठ असेल. त्यांना प्रकाश द्यायला तू निघाली आहेस असं सांगून कुणाकडून पैसे घेऊ नकोस. आपल्या मंडळीत बायबलमधल्या गरीब विधवेच्या दोन टोल्यांसारखं, म्हणजे जवळची शेवटची नाणीही, अर्पण टाकणाऱ्या बाया आहेत, त्यांच्यासमोर तर मुळीच नको.

तू नाशिकची, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. रोज ज्या शरणपूर रोडवरून जातेस, तिथल्या शरणपुरात एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या मिशनरी संस्थेची ख्रिस्ती वसाहत होती. अरबी समुद्रात इंग्रजांच्या आरमाराने गुलामांची गलबतं पकडली की सुटका झालेल्या आफ्रिकन मुलांना मुंबईला उतरवत. त्यांतली बरीचशी शरणपूरला आली, शाळा शिकली, सुतारकी-लोहारकी शिकली. पुढे त्यांच्यातले कितीतरी जण पूर्व आफ्रिकेत परत गेले आणि तिथल्या मंडळ्या उभ्या करायला लागले. जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. 1873 साली आफ्रिकेत फिरणारा मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टन वारला तेव्हा जेकब त्याच्या तांड्यात होता, आणि पुढच्या वर्षी लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत लिव्हिंगस्टनच्या शवपेटीला खांदाही त्याने दिला. 1875 साली मोंबासाच्या समोर फ्रीअरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत वसली. तिला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचं नाव दिलं, आणि ती वसवणारे प्राइस साहेब त्याआधी शरणपूर सांभाळत होते.

म्हणजे नाशिक आणि मोंबासाची सोयरीक दीडशे वर्षांची. ते काम तिथं टिकलं, कारण ते करणारे त्याच मातीचे होते आणि तिथंच राहिले. तू दोन आठवड्यांसाठी जातेयस, तेव्हा तिथल्या मंडळीच्या हाताखाली जा.

आता संस्थेला विचार: शिबिर नेमकं कुणाचं? कार्यक्रम कोण ठरवतं, बायबलच्या वचनावर कोण बोलणार, रात्री मुलांच्या खोल्यांवर कोण असतं? तिथले पाळक आणि तिथली तरुण मुलंच शिबिर चालवत असतील आणि त्यांनी "आम्हाला अमुक कामाला माणसं हवीत" असं कळवलं असेल, तर खुशाल जा. मग वाट्याला भांडी घासणं येईल, खेळांचं सामान उचलणं येईल, मुलींच्या खोलीच्या दारात जागणं येईल. ते कर. व्हीबीएसला तू लहान मुलांना हाताळतेस, तो अनुभव तिथं सोन्यासारखा आहे. जाण्याआधी चार स्वाहिली गाणी पाठ कर आणि एखादं मराठी भजन टाळ्यांवर शिकवायची तयारी ठेव. पण पाहुण्यांची टीम व्यासपीठावर, साक्षी पाहुण्यांच्या आणि तिथली माणसं फक्त स्वयंपाकघरात, असा बेत असेल तर हे शिबिर सोडून दे.

मुलांच्या बाबतीत मी अजिबात ढिली पडणार नाही. कुठल्याही मुलासोबत किंवा मुलीसोबत बंद खोलीत एकटी थांबायचं नाही. मुलांचे फोटो तुझ्या इन्स्टाग्रामवर टाकायचे नाहीत. निघताना भावनेच्या भरात "मी परत येईन, तुझी फी भरीन" असं कुणाला बोलायचं नाही, ते मूल खरंच वाट बघत बसतं. मुलांच्या सुरक्षेचे लेखी नियम संस्थेकडून मागून घे. नियम नसतील, तर त्या टीमसोबत जाऊ नकोस.

आणि अनाथाश्रमाची भेट नको. मला माहीत आहे, तुला त्याचीच सगळ्यात ओढ असेल. पण अशा आश्रमांतल्या पुष्कळ मुलांचे आई किंवा बाप हयात असतात. गरिबीपायी, शाळेपायी लेकरू तिथं ठेवलेलं असतं. पाहुणे येतात, देणग्या येतात, म्हणून मुलं आश्रमात राहतात. केनिया सरकारने 2017 साली नवीन बालगृहांची नोंदणी थांबवली आणि 2022 मध्ये मुलांना संस्थांतून कुटुंबात परत नेण्याचं दहा वर्षांचं धोरण आणलं. दर आठवड्याला नव्या माणसाने येऊन मिठी मारायची, रडायचं आणि निघून जायचं, हे त्या लेकरांच्या जिवाशी खेळणं आहे. ते दोन दिवस तिथल्या मंडळीतल्या एखाद्या घरी राहायला मिळतंय का, ते विचार.

पैशाचं म्हणशील तर कर्ज काढून मुळीच जायचं नाही. पगारातून निम्मी रक्कम स्वतः साठव. त्यासाठी एक वर्ष थांबावं लागलं तरी चालेल, शिबिरं दरवर्षी असतात. उरलेल्यासाठी मंडळीपुढे उभी राहा आणि सरळ सांग: मला तिथल्या भावंडांकडून शिकायचंय, त्यांना मदत करायचीय, आणि हो, मला जगही बघायचंय. एवढं ऐकून जो देईल त्याचंच घे. त्या दादाला वेगळं उत्तर द्यायची गरज नाही, तोही मंडळीत बसलेला असेलच.

तयारीचं थोडक्यात. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते. ती निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. त्या प्रमाणपत्राशिवाय केनियाहून परतलीस तर आपल्याच विमानतळावर अडकशील. किनाऱ्यावर हिवताप असतो, गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचार. प्रवेश परवानगी आधीच ऑनलाइन काढायची असते. अर्जात येण्याचं कारण खरं ते लिहिलंय ना, हे स्वतः वाचून बघ.

राहिली आई. तिचा प्रश्न मला पटतो. इथं पोरं आहेतच, आणि तू गेली काही वर्षं त्यांच्यात आहेसही, हे तिला माहीत आहे. मला वाटतं तिला धास्ती आहे ती वेगळीच: परक्या देशात लेक रात्री कुठं झोपणार, आजारी पडली तर कोण बघणार, आणि तिला हे कुणी अजून नीट सांगितलेलं नाही. टीममधल्या जबाबदार बाईंना घरी बोलाव, चहा कर आणि आईला मनसोक्त प्रश्न विचारू दे. तू मधे बोलू नकोस. प्रवास विम्याचे कागद, राहण्याचा पत्ता, तिथल्या पाळकांचा फोन, सगळं तिच्या हातात दे. बाईंना आईच्या प्रश्नांची उत्तरं देता आली नाहीत, तर तुझ्यासाठीही ते उत्तरच आहे.

तुझी,
ताई