धंद्याचं विचारा : गिऱ्हाईक काय टाईप करतं?

या वेळी पत्रांचा ढीगच पडला होता, पण बहुतेकांचं दुखणं एकच, "लोकांपर्यंत पोचायचं कसं". जागेपुरती चार घेतलीयत. बाकीच्यांनी रागावू नका, पुढच्या वेळी नक्की.

प्रश्न : ताई, मी जुन्या लाकडी फर्निचरची दुरुस्ती आणि पॉलिश करतो. गुगल सर्चवर जाहिरात चालू केली, दोन महिने क्लिक येतायत, पैसे जातायत, पण फोन येतात ते "तुमच्याकडे काम मिळेल का" नाहीतर "घरी पॉलिश कसं करायचं" असले. बंद करून टाकू का?

उत्तर : बंद नका करू, पॉज करा आणि आधी अकाउंटमधला सर्च टर्म्स रिपोर्ट उघडा. बरेच जण कीवर्डच्या यादीकडेच बघत बसतात, पण कीवर्ड म्हणजे तुम्ही दिलेला शब्द आणि सर्च टर्म म्हणजे समोरच्याने खरंच टाईप केलेला शब्द, आणि तुमचे पैसे जातायत ते त्या दुसऱ्यावर. नुसतं फर्निचर पॉलिश असं लिहून सोडलं असेल तर गुगल तो ब्रॉड मॅच धरतं, म्हणजे त्याला जे जे जवळचं वाटेल तिथे तुमची जाहिरात झळकणार. अवतरण चिन्हात लिहिलं की फ्रेज मॅच, म्हणजे शोधात तुमच्या शब्दांचा अर्थ आला तरच, आणि चौकोनी कंसात लिहिलं की एक्झॅक्ट, म्हणजे शोधाचा अर्थ अगदी तोच असला तरच. बजेट लहान असेल तर माझं मत सरळ आहे, शेवटच्या दोघांवरच चालवा, ब्रॉडचे लाड नंतर.

मग निगेटिव्ह कीवर्ड, म्हणजे हे शब्द आले तर माझी जाहिरात दाखवूच नको असं सांगणं. "नोकरी", "कोर्स", "घरच्या घरी" हे लगेच टाका. पण एक मेख आहे, निगेटिव्हला समानार्थी शब्द कळत नाहीत, "नोकरी" अडवलीत तरी "जॉब" आणि "व्हेकन्सी" मागच्या दाराने आत येतातच, म्हणून सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट बघून यादी वाढवत राहायची, कंटाळवाणं काम आहे पण पैसे तिथेच वाचतात. लोकेशनची सेटिंग पण बघा. आपण ठरवलेल्या भागात राहणारेच नाही तर त्या भागात नुसता "रस" दाखवणारे सुद्धा त्यात धरलेले असतात, आणि तुमचं काम तर घरी जाऊन करायचं. आणि हो, एखाद्या दिवशी रोजच्या बजेटच्या दुप्पट पैसे गेले तर दचकू नका, तसं होऊ शकतं, हिशेब महिन्याचा धरतात, रोजचं बजेट गुणिले ३०.४ याच्या वर नेत नाहीत.

आता "जास्त बोली लावली (म्हणजे एका क्लिकला जास्त पैसे देऊ केले) की वर दिसतो" हा समज. १९९८ मध्ये गोटू नावाच्या सर्च इंजिनने शब्दांचा लिलाव सुरू केला तेव्हा तसंच होतं, मोठी बोली तो वर. गुगलने २००२ मध्ये क्लिकवर पैसे घ्यायला सुरुवात केली तेव्हा त्यात लोक जाहिरातीवर क्लिक किती करतात हेही धरलं. आज जाहिरात शोधाशी किती जुळते आणि क्लिक केल्यावर उघडणारं पान कसं आहे हे पण बघतात. त्यामुळे "खुर्चीची वेताची विण" शोधणाऱ्याला होमपेजवर आणून सोडू नका, विणीचंच पान दाखवा, वर फोन नंबर आणि आधीचा-नंतरचा फोटो.

आणि ते "घरी कसं करायचं" विचारणारे? त्यांच्यावर जाहिरातीचे पैसे घालवू नका पण त्यांना हाकलूही नका, त्यांच्यासाठी ब्लॉग लिहा. निम्मे जण पॉलिशपेपर घासून घासून दमतील आणि मग तुम्हालाच फोन करतील. (निम्मे हा माझा अंदाज हं, मी स्वतः त्यातली एक आहे.)

प्रश्न : मी आठ महिने नेमाने ब्लॉग लिहितेय, ३० पोस्ट झाल्या, वाचणारे आमच्या घरचेच. त्यात आता सगळे एआयलाच विचारतात. सोडून देऊ?

उत्तर : तुमच्या पोस्टची नावं बघितली. "गुणवत्तेचं महत्त्व", "ग्राहक हाच राजा"... ताई, खरं सांगा, हे कोण शोधतं? ग्राहक फोनवर पहिलं वाक्य काय बोलतात ते आठवडाभर एका वहीत जसंच्या तसं लिहून काढा, तीच तुमची पुढची शीर्षकं. दुसरं, सर्च कन्सोल नावाचं गुगलचं साधन फुकट आहे, ते तुमच्या साईटला जोडा. त्यात कोणत्या शब्दांवर तुमचं पान दिसलं पण कुणी क्लिक केलं नाही ते कळतं. शोधात दहा ते वीस नंबरच्या आसपास लटकलेली पानं आधी सुधारा, नवीन लिहिण्यापेक्षा त्याचं फळ बहुतेक वेळा लवकर मिळतं.

एआयचं म्हणाल तर भीती खोटी नाही. गुगलने मे २०२४ पासून सर्चच्या डोक्यावरच एआयची उत्तरं द्यायला सुरुवात केली, त्यामुळे "अमुक म्हणजे काय" छापाच्या पोस्टचं दिवाळं निघाल्यातच जमा आहे. पण तुमच्या हातून बिघडलेलं काम, ते कसं निस्तरलं, त्याचा फोटो, हे दुसऱ्या कुणाकडे नाही. गुगलच्या स्वतःच्या मार्गदर्शक नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये "अनुभव" हा मुद्दा वेगळा घातला गेला तो याचसाठी. महिन्याला एकच लिहा पण असं लिहा.

प्रश्न : मी लहान उद्योगांचे हिशेब सांभाळते. एका व्यापारी संघटनेने २० मिनिटं बोलायला बोलावलंय. हात-पाय थरथरतात. आणि तिथे माझ्या सेवेबद्दल किती बोलू?

उत्तर : शून्य. म्हणजे ओळख करून देणारा जे दोन वाक्यं बोलेल तेवढीच पुरे, आणि ती तुम्हीच लिहून त्याच्या हातात द्या, नाहीतर तो काहीही बोलतो. एक विषय घ्या, एकच. "हिशेबाचं महत्त्व" नको, "धंद्यात नफा दिसतो पण खात्यात पैसा का नसतो" असा घ्या, बघा माना वर येतात की नाही. नाव न घेता एका गिऱ्हाईकाची गोष्ट सांगा, आकडे बोर्डावर लिहून सोडवून दाखवा. बोलायला १४ मिनिटं धरा, उरलेली प्रश्नांना.

थरथर जात नाही हो, मी कित्येक वर्षं बोलतेय, अजून माईक हातात घेताना पहिलं मिनिट तसंच. त्यावर माझा उपाय एवढाच की पहिली तीन वाक्यं पाठ करायची, बाकी नाही. सरावच करायचा असेल तर टोस्टमास्टर्सचे क्लब असतात, १९२४ पासून चाललंय ते, तिथे तुमचे "अं... आ..." मोजायला एक माणूस नेमलेला असतो. ऐकायला भयंकर वाटतं पण उपयोग होतो.

खरी कमाई प्रश्नांच्या वेळी असते. कुणालातरी ते शब्दशः टिपून घ्यायला सांगा. आठ प्रश्न आले तर आठ पोस्ट, आणि त्यातला जो "मला आत्ता माणूस हवाय" छापाचा असेल तो जाहिरातीचा कीवर्ड. शेवटच्या स्लाईडवर फक्त एका पानाचा पत्ता द्या, जिथे बोर्डावर सोडवलेल्या हिशेबाचा तक्ता डाऊनलोड करता येईल. ते पान दुसरीकडे कुठेच जोडू नका, म्हणजे तिथून आलेली चौकशी भाषणाचीच हे कळेल.

प्रश्न : जाहिरात बंद केली तर ब्लॉगचं रँकिंग पडतं असं आमचा एजन्सीवाला म्हणतो. खरंय का?

उत्तर : नाही. जाहिरातीचे पैसे दिल्याने किंवा थांबवल्याने जाहिरात नसलेल्या साध्या रिझल्टमधली जागा बदलत नाही, हे गुगल स्वतः उघड सांगतं. एजन्सीवाल्याला सर्च टर्म्स रिपोर्ट मागा आणि त्याचा चेहरा बघा.