चिनी सहकारी घरच्या प्रार्थनेला येतो, आता पोलीस सही मागतायत

प्रश्न : मी मूळचा अहिल्यानगरचा. तीन वर्षांपासून चीनमध्ये सुझौच्या एका कारखान्यात इंजिनीयर आहे. दर रविवारी संध्याकाळी आम्ही चार मराठी ख्रिस्ती कुटुंबं आमच्या फ्लॅटवर प्रार्थनेला जमतो. दोन महिन्यांपासून माझा एक चिनी सहकारी बायकोला घेऊन येतो, कारण त्यांची सरकारी नोंदणी नसलेली मंडळी (चर्च) बंद पाडली गेली. मागच्या आठवड्यात दोन पोलीस येऊन गेले. कोण कोण येतं ते विचारलं आणि चिनी भाषेतल्या एका कागदावर सही मागितली. मी 'नंतर देतो' म्हणून वेळ मारून नेली. त्यात सुट्टीवरून येताना पंचवीस चिनी बायबल आण, असा सहकाऱ्याचा आग्रह आहे. माझ्याकडून गुन्हा झालाय का? सही करू का?

उत्तर : सही केली नाहीत ते बरं झालं. वाचता न येणाऱ्या कागदावर सही करायची नाही, हा नियम अहिल्यानगरच्या तलाठी कार्यालयातही लागू आहे आणि सुझौच्या चौकीतही. तो कागद तुमचा जबाब आहे की 'यापुढे असं करणार नाही' असं हमीपत्र, ते आधी कळू द्या. जबाब असेल तर दुभाषा देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. तो मागा, प्रत्येक पान समजून घ्या, चुकलेलं दुरुस्त करून घ्या. खोटं मात्र एक अक्षरही सांगू नका.

आता गुन्ह्याचं. चीनच्या राज्यघटनेचं कलम ३६ धर्मश्रद्धेचं स्वातंत्र्य देतं, पण संरक्षण देतं ते 'सामान्य' धार्मिक कार्यांना. सामान्य काय, हे सरकार ठरवतं. शिवाय धार्मिक बाबींवर परकीय वर्चस्व नको, असंही त्याच कलमात आहे. तुम्ही परकीय, म्हणून तुमच्यासाठी १९९४ पासून वेगळे नियम आहेत आणि त्यांची अंमलबजावणीची नियमावली १ मे २०२५ पासून नव्याने लागू झाली आहे. परदेशी माणूस नोंदणीकृत चर्चमध्ये उपासनेला खुशाल जाऊ शकतो. परदेशी लोकांनी सामूहिक उपासना करायची तर ती मान्यताप्राप्त जागीच. आणि चिनी नागरिकांमध्ये अनुयायी तयार करणं साफ मना.

तुम्ही चार कुटुंबांनीच बसणं काटेकोर पाहिलं तर करड्या पट्ट्यात येतं, म्हणजे धड कायदेशीर नाही आणि धड बेकायदाही नाही. १९९७ च्या सरकारी श्वेतपत्रिकेत नातेवाईक आणि मित्रांच्या घरगुती प्रार्थनेला नोंदणी लागत नाही असं म्हटलं होतं खरं, पण श्वेतपत्रिका म्हणजे कायदा नव्हे. ती दाखवून पोलिसांशी वाद घालू नका. सहकारी दारातून आत आला की मात्र चित्र पालटतं. तुम्ही त्याला ख्रिस्ती केलेलं नाही, तो आधीपासूनच आहे. बचावाचा हा मुद्दा चांगला आहे, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

परदेशी माणसाने व्हिसाच्या उद्देशाबाहेरचं काम केल्यास मुदतीत देश सोडायला सांगता येतं. प्रकरण गंभीर ठरलं तर हद्दपारी, आणि दहा वर्षं परत प्रवेश नाही. हद्दपारीचा निर्णय सार्वजनिक सुरक्षा मंत्रालय घेतं आणि तो अंतिम असतो. बेकायदा धार्मिक कार्याला सोय पुरवल्याबद्दल वेगळी कारवाई होऊ शकते. प्रकरण गंभीर असेल तर २०,००० ते २,००,००० युआन दंड. फ्लॅट भाड्याचा असेल तर घरमालकही त्यात ओढला जाऊ शकतो.

सर्वांत वाईट म्हणजे तुम्हाला विमानात बसवतील, पण सहकाऱ्याला कुठलं विमान? चंग्डू शहरातल्या अर्ली रेन या नोंदणी नसलेल्या मंडळीवर डिसेंबर २०१८ मध्ये धाड पडली. तिचे पाळक (धर्मगुरू) वांग यी पूर्वी कायदा शिकवायचे. त्यांना वर्षभराने नऊ वर्षांची शिक्षा झाली. कलमं होती सत्ता उलथवायला चिथावणी आणि बेकायदा व्यवसाय. प्रार्थनेचा उल्लेख आरोपात असावाच लागतो असं नाही.

त्यातलं 'बेकायदा व्यवसाय' हे कलम ख्रिस्ती पुस्तकं छापणाऱ्या-विकणाऱ्यांवरही लावलं गेलंय. म्हणून पंचवीस प्रती बॅगेत घालू नका. स्वतःच्या वापराचं बायबल आणायला हरकत नाही, पंचवीस चिनी बायबल स्वतःच्या वापराची म्हणून कस्टम्सला पटणार नाहीत. आणि गंमत बघा, चिनी बायबल छापलं जातं तुमच्याच प्रांतात, नानजिंगला, तेही कायदेशीर. २०१८ मध्ये ते ऑनलाइन दुकानांतून गायब झालं, पण नोंदणीकृत चर्चच्या काउंटरवर मिळतं.

सहकारी त्या चर्चमध्ये जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. स्वशासन, स्वावलंबन, स्वप्रचार या 'तीन स्व'ची चळवळ १९५४ मध्ये सरकारी छत्राखाली उभी राहिली आणि नोंदणीकृत चर्च तिच्यातलीच. तिच्यात जायला नकार देणारे पाळक वांग मिंगदाव १९५५ मध्ये तुरुंगात गेले. मंडळीचं मस्तक कोण, ख्रिस्त की कम्युनिस्ट पक्ष, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही. तो सहकाऱ्याच्या विवेकाचा प्रश्न, त्यात वकिलाने तोंड घालू नये. मी एवढंच सांगेन की तुम्ही दोघांनी एका बाकावर बसून प्रार्थना करण्याची कायदेशीर जागा तीच आहे.

तूर्त रविवारची घरची बैठक थांबवा. वीचॅट या चिनी मेसेजिंग ॲपवर प्रार्थना किंवा बायबलची वचनं पाठवत असाल तर तेही बंद करा. मार्च २०२२ पासून ऑनलाइन धार्मिक मजकुरासाठी परवाना लागतो आणि परदेशी व्यक्तीला तो मिळत नाही. तुमची राहत्या पत्त्याची पोलीस नोंद चालू आहे ना, ते तपासा. ती नसली तर आयतं निमित्त मिळेल. शांघायच्या भारतीय वाणिज्य दूतावासाचा नंबर घरात सर्वांकडे असू द्या. मी भारतात वकिली करतो, म्हणून चौकीत जाण्याआधी परकीयांची प्रकरणं हाताळणारा स्थानिक वकील गाठा.

सहकाऱ्याला हे सगळं सांगा, पण फोनवर नाही आणि ऑफिसातही नाही. संध्याकाळी कालव्याकाठी फिरायला न्या.