पांढरी मुळी फुटते कुठून?

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेक मुळांबद्दलचे आहेत, त्यातही बाजूने फुटणाऱ्या उपमुळांबद्दलचे. पाणी आणि अन्नद्रव्ये शोषण्याचे बहुतेक काम तीच करतात. म्हणून बाकीची पत्रे पुढच्या वेळी.

प्रश्न : ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत मुळी चालत नाही. दुकानदार दर वेळी नवी बाटली देतो. पांढरी मुळी फुटायला नेमके लागते काय? (निफाड)

बाटलीच्या आधी खुरपे घ्या. ड्रिपरखाली वीतभर खणा आणि माती मुठीत दाबून पाहा. चिखल होऊन बोटांतून निसटत असेल तर तिथे मुळीला हवाच मिळत नाही. अशा वेळी औषध न देता पाणी तोडा आणि वाफसा, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असलेली भुसभुशीत स्थिती, येऊ द्या.

तुम्ही जिला पांढरी मुळी म्हणता ते म्हणजे नुकते फुटलेले कोवळे उपमूळ. त्याच्या टोकामागच्या भागावर मूलरोम, म्हणजे केसांसारखे सूक्ष्म तंतू, असतात आणि शोषण मुख्यतः तिथे होते. मूळ तपकिरी, जून झाले की ही क्षमता उतरते, त्यामुळे नवी फूट सतत यावी लागते. ही फूट मातीतला ओलावा पाहून येते. एकाच मुळाची एक बाजू ओल्या मातीला टेकलेली आणि दुसरी पोकळीत असेल, तर उपमुळे ओल्या बाजूने निघतात. हे 2014 मध्ये मका आणि भातावरही दाखवले गेले. माती भेगाळली, ढेकळांत पोकळ्या राहिल्या, की त्या पट्ट्यात फूट थांबते. म्हणजे दलदलही नको आणि फट पडेपर्यंत ताणही नको.

बाटल्यांत बहुधा ह्युमिक आम्ल किंवा आयबीएसारखे ऑक्झिन, म्हणजे वनस्पतीच्या वाढीचे संप्रेरक, असते. ऑक्झिनने उपमुळे सुरू होतात हे खरे आहे, पण मात्रा जास्त झाली तर मुळाची लांबी वाढणेच खुंटते. शिवाय वेल ऑक्झिन स्वतः तयार करते, तेही कोवळ्या शेंड्यांत. छाटणीनंतर पाने कामाला लागेपर्यंत मुळीला खोडातल्या साठ्यावरच भागवावे लागते. त्या दिवसांत मुळाशी औषध ओतण्यावर (आळवणीवर) पैसे घालणे मला तरी पटत नाही.

प्रश्न : फांदी डोळ्यातून फुटते, मग मूळ कुठून फुटते? सातवीच्या मुलांना दाखवता येईल असे काही सांगाल का? (शिक्षिका, सातारा)

बाजारातून मुळा आणा. त्याच्यावरचे बारीक तंतू, म्हणजे उपमुळे, वाटेल तिथे नसतात, समोरासमोरच्या दोन ओळींत असतात. बीटातही तसेच दिसेल. मुळाच्या आत पाणी नेणाऱ्या जलवाहिन्यांचे दोन पट्टे असतात, त्यांच्या समोरच उपमुळे जन्मतात. म्हणून बाहेर ओळी दिसतात. (मक्यात हा हिशेब उलटा असतो. तिथे उपमुळे अन्नरस नेणाऱ्या रसवाहिन्यांसमोर येतात.)

फांदीचा डोळा खोडाच्या पृष्ठभागावर तयार होतो. उपमुळाची सुरुवात मात्र खोल आत, जलवाहिन्यांना वेढणाऱ्या परिरंभ नावाच्या एका थरात होते. तिथल्या मोजक्या पेशींत ऑक्झिन साठते, त्या असमान विभागतात आणि छोटा घुमट तयार होतो. आता त्याला अंतस्त्वचा, त्याबाहेरच्या पेशी आणि बाह्यत्वचा ओलांडून बाहेर यायचे असते. पण तो नुसता धक्का मारून येत नाही. गर्दीच्या एसटीत उतरणाऱ्यासाठी बाकीचे अंग चोरतात ना, तशी अंतस्त्वचेच्या पेशी आपले आकारमान कमी करतात. घुमटाकडून आलेले ऑक्झिन वरच्या पेशींना इशारा देते, मग त्या एकमेकींना जोडणाऱ्या भिंती सैल करणारी विकरे तयार करतात. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपात, पुढे उपमूळ कुठे येणार याच्या खुणा टोकाजवळ साधारण दर 6 तासांनी उमटतात, असे 2010 मध्ये दिसले.

बाहेर पडताना राहिलेली चीर काही बुरशींना आत शिरायची वाट देते. मुलांना हेही सांगा, त्यांना असल्या गोष्टी आवडतात.

प्रश्न : भुईमुगाच्या मुळावर गाठी आहेत. चांगल्या की सूत्रकृमीच्या?

बोटाने सरकवून पाहा. बाजूला चिकटलेली गाठ अलगद सुटली आणि चिरल्यावर आत गुलाबी दिसली, तर ती रायझोबियम जिवाणूंची, नत्र देणारी. मूळच सुजले असेल आणि गाठ सुटत नसेल तर सूत्रकृमीचा संशय घ्या. भुईमुगात आणखी एक गंमत आहे. हरभऱ्यात जिवाणू मूलरोमातून शिरतात, भुईमुगात मात्र उपमूळ फुटताना पडलेल्या चिरेतून शिरतात. म्हणून गाठी उपमुळांच्या बेचक्यात बसलेल्या दिसतात. उपमुळे कमी म्हणजे गाठींना जागाही कमी.

प्रश्न : टोमॅटोची ट्रेमधली रोपे जुनी झाली, मुळांचे वेटोळे झाले. मुळे तोडून लावू का?

खालचे वेटोळे बोटांनी सैल करा, टोके थोडी तुटली तरी चालेल. टोक गेले की मागची उपमुळे जोर धरतात. पण लावल्यावर लगेच पाणी द्या आणि शक्यतो संध्याकाळी लावा.

प्रश्न : गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत मातीपेक्षा मुळेच जास्त दिसतात. हे शक्य आहे? (पुणे)

अगदी शक्य आहे. 1937 मध्ये डिटमर या अमेरिकन संशोधकाने राय या गव्हाच्या कुळातल्या धान्याचे चार महिन्यांचे एकच रोप मातीतून धुऊन काढले. दोन घनफुटांपेक्षा कमी मातीत त्याला सुमारे 1 कोटी 38 लाख मुळे आणि 620 किलोमीटरहून अधिक एकूण लांबी मिळाली, तीही मूलरोम न धरता. तुमची कुंडी एक माप मोठी करा.

प्रश्न : डाळिंबाला खत बुंध्याशी द्यावे की लांब? (सांगोला)

लांब. बुंध्याजवळची मुळे जाड आणि जून असतात, ती झाडाला आधार देतात पण शोषतात कमी. दुपारी झाडाची सावली जिथे संपते त्याच्या आतल्या पट्ट्यात कोवळी मुळी सापडते. 1975 मध्ये जवावर झालेला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. मुळाच्या एकाच टप्प्याला नायट्रेट, अमोनियम किंवा फॉस्फेट (स्फुरद) भरपूर दिले, तर नेमकी तिथेच उपमुळांची दाटी झाली. पालाशने तसे घडले नाही. स्फुरद जमिनीत जागचे फारसे हलत नाही, म्हणून ते मुळीच्या पट्ट्यात मातीआड करा, वर फेकू नका. ठिबकची नळी अजून बुंध्याला चिकटून असेल तर आधी बाहेर दुसरी नळी टाका. ओल जिथे नाही तिथे मुळी जाणार नाही, आणि बुंध्याशी सतत ओल ठेवली तर मर रोगाला आमंत्रण. पण एका दिवसात सगळे पाणी हलवू नका. काही आठवडे दोन्हीकडे ओल राहू द्या आणि नव्या जागी पांढरी मुळी दिसली की आतली नळी काढा.