सह्या जमवल्या म्हणजे ‘बहुमत’ झालं का?

वाळूजच्या एका कंपनीतल्या भावानं विचारलंय, की आमच्या गेटवर दोन युनियनचे बोर्ड आहेत, एकावर ‘नोंदणीकृत’ अन् दुसऱ्यावर ‘मान्यताप्राप्त’, आता पहिलेवाले म्हणायलेत निम्म्याच्या वर सह्या आमच्याकडं आहेत म्हणजे बहुमत आमचं, तर हा शब्द बरोबर आहे का.

बोर्डाचं आधी उरकतो. नोंदणी म्हणजे सरकारी रजिस्टरला नाव लागलं, बस. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यानं (तो २०२५ मध्ये रद्द झाला) त्याला कमीत कमी ७ जण लागायचे, २००१ च्या दुरुस्तीनं १० टक्के किंवा १०० कामगार, जे कमी असेल ते, अशी भर पडली. मान्यता म्हणजे सगळ्यांच्या वतीनं बोलणी करायचा हक्क. लोक सर्रास ‘मालकानं मान्यता दिली’ म्हणतात, पण महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात ती मालक देतच नाही, औद्योगिक न्यायालय देतं, अन् त्यासाठी अर्जाच्या आधीचे सहा महिने निदान ३० टक्के कामगार सभासद असावे लागतात. सभासद कोण, तर वर्गणी भरणारा. किमान वर्गणी किती, तर महिना ५० पैसे! म्हणून तर युनियनवाला ‘पावती फाड’ म्हणून मागं लागतो, त्याला पैशापेक्षा पावतीच्या पुस्तकातलं नाव पाहिजे असतं.

आता बहुमत. आपल्या मराठीत मत ‘मांडतात’ बी अन् मत ‘टाकतात’ बी. मांडायचं ते चारचौघांत, टाकायचं ते पेटीत, कुणाला न दाखवता. शब्द एकच, क्रियापद बदललं की सगळी भानगड बदलते, अन् युनियन कशी ठरवायची यावरचं भांडण नेमकं ह्या दोन क्रियापदांतलं आहे.

अमेरिकेत तर ह्याच्यावर मोठा वाद झाला. तिथं ३० टक्के कामगारांनी ‘युनियन पाहिजे’ अशा कार्डावर सही केली की सरकारी मंडळाकडं गुप्त मतदान मागता येतं, अन् झालेल्या मतांत निम्म्याच्या वर गेलं की युनियन. युनियनवाले म्हणाले बहुसंख्य लोकांनी कार्डावर सही केली तर परत मतदान कशाला, मधल्या दिवसांत मालक एकेकाला बोलावून घाबरवतो. दुसरी बाजू म्हणे सही तर सोबतचा माणूस समोर उभा राहून घेतो, त्याला नाही कसं म्हणायचं. सह्यांवर युनियन मानायचं बिल २००७ मध्ये तिथल्या खालच्या सभागृहात पास झालं अन् सिनेटमध्ये अडकलं.

मला विचाराल तर दोन्ही बाजू खऱ्या आहेत. शिफ्ट सुटताना मित्रानं कागद पुढं केला तर कोण नाही म्हणतंय? पण मतदान जाहीर झाल्यावर सुपरवायझर अचानक गोड बोलायला लागतो, ते बी काय फुकट नसतंय.

आपल्याकडं पेटीवालं उदाहरण पाहिजे तर रेल्वे घ्या. तिथं मान्यता गुप्त मतदानानं ठरते, २००७ ला झालं, २०१३ ला झालं, मग थेट डिसेंबर २०२४ ला, नांदेड विभागात बी. पूर्णा-परभणीच्या रेल्वेवाल्यांना ‘बहुमत’ म्हटलं की पेटीच आठवणार. कारखान्यातल्या माणसाला पावती आठवते. अन् २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत, म्हणजे केंद्राच्या नव्या कामगार कायद्यात, तिसरंच माप आहे, एकापेक्षा जास्त युनियन असतील तर मस्टरवरच्या निदान ५१ टक्के कामगारांचा ‘पाठिंबा’ असलेली युनियन एकटी बोलणी करते, कुणालाच तेवढा नसला तर निदान २० टक्के पाठिंबा असलेल्यांची मिळून बोलणी करणारी परिषद. म्हणजे पावती, सही, मत, पाठिंबा, चार वेगळ्या गोष्टी अन् बोलताना आपण सगळ्यांना बहुमत म्हणून मोकळे.

व्याकरणानं बघितलं तर सह्यांना बहुमत म्हणणं चूक नाही, मत म्हणजे आधी विचारच की, उघड मांडलेला. पण आजच्या वाचणाऱ्याला तो शब्द दिसला की मतदान झालं असंच वाटतं, अन् बोर्ड लिहिणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतंय. म्हणून मी तरी पेटी नसेल तिथं ‘बहुसंख्य कामगारांच्या सह्या’ असंच लिहीन. लांबडं होतंय, होऊ द्या. तुमच्या पहिल्या बोर्डवाल्यांनी ‘नोंदणीकृत’च्या खाली ‘बहुमताची संघटना’ रंगवून घ्यायच्या आधी त्यांना एवढं विचारा, सह्या दाखवायलेत त्यातल्या किती जणांची पावती फाटलेली आहे?